समजून घ्या : बीपी ‘नॉर्मल’ आला की गोळी का सुटते?

करमाळ्यात बाजाराच्या दिवशी एखाद्या मेडिकलसमोर पाच-दहा मिनिटे थांबा. एक संवाद हमखास कानावर पडतो. ‘बीपीच्या गोळ्या द्या.’ ‘चिठ्ठी आणली का?’ ‘चिठ्ठी न्हाई, ती बारकी पांढरी असती बघा.’ दुकानदार पाकीट काढता काढता विचारतो, ‘लई दिवसांनी आलात?’ आणि उत्तर येते, ‘मधी बरं वाटत हुतं, मग बंद केली हुती.’

हे उत्तर देणारा माणूस विसराळू नसतो, अडाणीही नसतो. त्याने विचार करून गोळी बंद केलेली असते. तो विचार कसा चालतो हे समजून न घेताच डॉक्टर, घरचे आणि आम्ही पत्रकारही ‘गोळ्या वेळेवर घ्या’ असे सांगत राहतो. ते सांगणे वाया जाते, यात नवल नाही.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर पहिला जागतिक अहवाल काढला. त्यातील अंदाजानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील १८ कोटी ८३ लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या १०० जणांपैकी ३७ जणांचे निदान झालेले आहे, ३० जण उपचार घेतात आणि रक्तदाब आटोक्यात आहे तो फक्त १५ जणांचा.

३७ आणि १०० मधील अंतर तपासणी शिबिरांनी कमी होईल. खरे कोडे आहे ते ३० आणि १५ मधले. इथे निदान झाले आहे, औषध लिहून दिले आहे, बहुतेकांच्या घरात ते आहेही. तरी निम्म्या लोकांचा आकडा खाली येत नाही. यातला काही दोष उपचारांचा आहे, हेही मान्य करायला हवे. अनेकदा आकडा वाढलेला दिसत असूनही तीच गोळी, तोच डोस वर्षानुवर्षे चालू राहतो. पण मोठा वाटा खंड पडण्याचा आहे : महिना घेतली, पंधरा दिवस सोडली, डोके दुखले की पुन्हा सुरू केली.

हा खेड्यातल्या माणसांचा हट्ट आहे असे म्हणण्याची सोय नाही. दीर्घ आजारांवरील औषधे सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच आहे, असे याच संघटनेने २००३ मध्ये नोंदवले होते.

आणि पणाला काय लागते? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे तपासली. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, जवळपास सातांतला एक. आपल्याकडे ज्याला ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात, तोच हा पक्षाघात. उच्च रक्तदाब हे त्याचे सर्वांत मोठे कारण.

बरे वाटत असताना गोळी कशाला?

ताप आला की गोळी, ताप उतरला की बंद. पोट बिघडले की औषध, थांबले की बंद. लहानपणापासून शरीराने आपल्याला हाच धडा दिलेला आहे : दुखणे म्हणजे आजार आणि दुखणे थांबले म्हणजे आजार गेला. रक्तदाब या हिशेबात बसत नाही. तो बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही.

ठिबक असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावावे लागू नये. फिल्टरजवळच्या गेजचा काटा पुढे सरकलेला असतो तेव्हा पाइप ओरडत नाही. तो फुटतो तेव्हाच कळते. म्हणून तर गेज बसवलेला असतो. शरीराला मात्र आपण गेज न लावता, नुसत्या अंदाजावर चालवतो. ‘डोकं धरलं की मला कळतं, बीपी वाढला’ हे वाक्य ऐकले नाही असे घर सापडणार नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याच समजुतीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘रक्तदाब वाढल्याचे माणसाला आपोआप कळत नाही’ हे ८० टक्के रुग्णांना मान्य होते. पण ‘तुम्हाला स्वतःला कळते का?’ असे विचारल्यावर बहुतेकांनी ‘मला कळते’ असेच सांगितले. नियम इतरांसाठी, आपण अपवाद. मग जाणवले की गोळी, नाही जाणवले की सुट्टी.

यात आणखी एक फसवणूक आहे आणि तिच्याबद्दल रुग्णाला कुणी सांगत नाही. आपल्याकडे नेहमी दिली जाणारी एक गोळी म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. तिचा शरीरातला अंश निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे आज गोळी सोडली तर उद्या-परवा काहीही घडत नाही. माणूस ‘चार दिवस सोडून बघतो’, दुसऱ्या दिवशी मोजतो, आकडा चांगला येतो. त्याचा प्रयोग यशस्वी! प्रत्यक्षात तो आकडा आधी घेतलेल्या गोळ्यांच्या शिलकीवर आलेला असतो. इंजिनीअरिंगला असताना आम्हाला शिकवले होते, की ज्या यंत्रणेत बटण दाबल्यावर परिणाम उशिरा दिसतो, तिथे माणूस हमखास चुकीचे बटण दाबतो. इथे तेच होते.

म्हणूनच रुग्णासाठी सर्वांत धोक्याचा दिवस तो, ज्या दिवशी नर्स ‘नॉर्मल आहे’ म्हणते. ‘गोळीमुळे नॉर्मल आहे’ असे ती म्हणाली असती तर चित्र वेगळे दिसले असते.

‘एकदा लागली की सुटत नाही’

मराठीत दारू लागते, तंबाखू लागतो आणि गोळीही लागते. एकाच क्रियापदाने तिन्ही गोष्टी एका रांगेत बसवल्या. त्यामुळे ‘शक्यतो गोळी लावून घेऊ नका’ हा सल्ला पारावर मोठ्या आपुलकीने दिला जातो. वास्तविक या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. गोळी लांबते, कारण आजार लांबतो. चष्मा काढल्यावर दिसत नाही म्हणून चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही.

पण भीतीचा दुसरा भाग डॉक्टरांच्या खोलीत तयार होतो. बाहेर पन्नास माणसे बसलेली, आत दीड मिनिट मिळालेले, आणि त्यात वाक्य येते : ‘आता ही आयुष्यभर घ्यायची.’ चाळिशीतल्या माणसाला ते सल्ल्यासारखे ऐकू येत नाही, शिक्षेसारखे ऐकू येते. त्याऐवजी ‘महिनाभर घ्या, मग पुन्हा मोजू आणि ठरवू’ असे सांगितले तर त्यात खोटे काही नाही. वजन उतरले, मीठ आणि दारू कमी झाली तर काहींचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली खरोखर कमी होतो. तो निर्णय मोजून घ्यायचा असतो, मनाने नव्हे, एवढाच फरक.

ब्रिटनमधील संशोधक रॉब हॉर्न यांनी १९९०च्या दशकात औषधांविषयीच्या समजुती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यांची मांडणी साधी आहे. प्रत्येक रुग्णाच्या मनात एक तराजू असतो : एका पारड्यात ‘मला याची गरज किती’ आणि दुसऱ्यात ‘याने मला अपाय किती’. बीपीच्या गोळीचे पहिले पारडे आधीच हलके, कारण त्रासच नाही. दुसऱ्यात शेजारच्या मामांचा अनुभव, मोबाइलवर आलेला व्हिडिओ आणि ‘गोळ्यांनी किडनी जाते’ ही अफवा पडते. पारडे झुकायला आणखी काय हवे?

किडनीच्या अफवेबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. किडनी निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत अनियंत्रित रक्तदाबच आहे. किडनीला अपाय करणाऱ्या आणि रक्तदाबही वाढवणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्या म्हणजे वेदनाशामक. गुडघे दुखतात म्हणून, कंबर धरली म्हणून त्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय, महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. त्यांच्याबद्दल मात्र पारावर कुणी चकार शब्द काढत नाही. कारण त्या घेतल्या की अर्ध्या तासात बरे वाटते.

दुष्परिणाम खरे की मनाचे खेळ?

दोन्ही. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातील गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीने वारंवार जावे लागते. एसटीने पुण्याला निघालेला माणूस त्या दिवशी ती गोळी मुद्दाम टाळतो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई तर रोजच टाळते, कारण तिथे आडोसा नसतो. तिला ‘बेफिकीर’ म्हणण्याआधी गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता येते का, हे बघणे सोपे नाही का? यातले बहुतेक त्रास डोस किंवा औषध बदलून जातात. पण रुग्ण त्रास सांगत नाही, गोळी सोडतो. आणि सोडल्याचेही सांगत नाही.

मनाचा भाग किती मोठा असतो, हे इटलीतील एका प्रयोगात दिसले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ पुरुषांना रक्तदाब आणि हृदयविकारासाठी वापरली जाणारी अ‍ॅटेनोलॉल ही गोळी दिली. एका गटाला काय देतोय हे सांगितले नाही. दुसऱ्याला फक्त नाव सांगितले. तिसऱ्याला नावाबरोबर ‘लैंगिक दुर्बलता येऊ शकते’ असेही सांगितले. तक्रार आली ती अनुक्रमे सुमारे ३, १६ आणि ३१ टक्के पुरुषांकडून. गोळी एकच, डोस एकच. ही भीती आपल्याकडे किती पुरुषांच्या मनात आहे, याचा हिशेब लागणे कठीण. बायको शेजारी बसलेली असताना आणि दार उघडे असताना हा प्रश्न डॉक्टरांना कोण विचारणार?

गोळीचा रंगही किरकोळ बाब नाही. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलते, गेल्या महिन्यातली पांढरी गोळी या महिन्यात पिवळी होते आणि म्हातारी माणसे ‘ही आपली न्हवं’ म्हणून बाजूला ठेवतात. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या अमेरिकी रुग्णांवर २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषध सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ‘रंग बदललाय, औषध तेच आहे’ हे सांगायला किती वेळ लागतो?

घर, पाहुणे आणि ‘टेन्शन’

या आजाराच्या इंग्रजी नावातच ‘टेन्शन’ आहे आणि त्याने मोठा घोळ घातला आहे. अमेरिकेत डॅन ब्लूमहेगन यांनी १९८० मध्येच लिहून ठेवले होते, की रुग्ण ‘हायपरटेन्शन’चा अर्थ ‘फार टेन्शन’ असा लावतात. आपल्याकडे तर तो अर्थ पक्काच झाला आहे. पोरीचे लग्न ठरत नव्हते म्हणून बीपी वाढला, उसाचे बिल थकले म्हणून वाढला. मग लग्न पार पडले, बिल खात्यावर जमा झाले की गोळीचे काम संपले! काळजीने रक्तदाब तात्पुरता वर जातो हे खरेच. पण कायम वाढलेला रक्तदाब कारखान्याचे बिल मिळाल्याने उतरत नाही. सगळ्यात शांत स्वभावाच्या माणसालाही तो असतो.

वयाचीही लाज आहे. पस्तिशीतल्या तरुणाला बीपी निघाला की पहिला प्रश्न ‘एवढ्यात?’ गोळी चालू होणे म्हणजे म्हातारपणाचा शिक्का. लग्नाळू असेल तर घरचेच सांगतात, कुठे बोलू नको. मग गोळ्या गाडीच्या डिकीत राहतात, पाहुण्यांकडे मुक्कामाला गेल्यावर घेतल्याच जात नाहीत.

बाईच्या गोळीचा प्रश्न आणखी वेगळा. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तिचे जेवण आणि त्यानंतर गोळी. त्या गडबडीत राहिली तर विचारणारे कुणी नाही. नवऱ्याची गोळी मात्र पाण्याच्या तांब्यासोबत तीच हातात देते. घरात दोघांनाही बीपी असेल तर एकाच पाकिटातून दोघांचे भागवले जाते, हेही होते.

उपवासाचे गणित सर्वांना माहीत हवे. कमलाभवानीचे नवरात्र असो की एकादशी-चतुर्थी, ‘उपाशीपोटी गोळी गरम पडती’ म्हणून ती बंद राहते. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या नेहमीच्या दोन्ही गोळ्या जेवणाआधी, जेवणानंतर किंवा उपाशीपोटी घेतल्या तरी चालतात. आषाढीच्या वाटेवर संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते. त्या दिंडीत चालणाऱ्या साठीपुढच्या वारकऱ्यांच्या पिशवीत टाळ असतो, पंचा असतो. गोळ्यांचे पाकीट किती जणांच्या पिशवीत असते, हे वैद्यकीय पथकाने एकदा सहज विचारून पाहावे. मधुमेह असलेल्यांनी आणि इतर गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

झाडपाला की गोळी?

‘इंग्रजी औषध नको, झाडपाल्याचे बघू’ म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतली एक गोष्ट. डॉ. रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. रक्तदाबावरील आधुनिक औषधांची सुरुवात ज्यांतून झाली, त्यांतले हे एक महत्त्वाचे काम. १९५७ मध्ये त्यांना प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्याच सर्पगंधेतील रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येत असल्याच्या नोंदी झाल्या, जास्त सुरक्षित औषधे आली आणि ते मागे पडले. वनस्पतीचे असो की कारखान्यातले, दोघांनाही मोजणीच्या परीक्षेतून जावे लागले. बाजारात पुडी बांधून देणारा ती परीक्षा देत नाही.

मग फरक कशाने पडतो?

उपदेशाने पडत नाही, हे आतापर्यंत पुरेसे दिसले आहे. माणसांनी पडतो.

लॉस एंजेलिसमध्ये ५२ सलूनांतील ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्हाव्याने रक्तदाब मोजायचा आणि फार्मासिस्टने सलूनमध्येच येऊन औषध ठरवायचे. सहा महिन्यांत या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना न्हाव्याने फक्त ‘डॉक्टरकडे जा’ सांगितले, त्यांचा ९ अंकांनी. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत २,६४५ लोकांवर झालेल्या २०२०च्या प्रयोगात आरोग्यसेविका नियमित घरी गेल्या, रक्तदाब मोजला, बोलल्या. दोन वर्षांनी त्या गावांतला वरचा आकडा इतर गावांपेक्षा ५ अंकांनी जास्त खाली होता. ५ अंक म्हणजे किरकोळ वाटेल. वरचा आकडा १० अंकांनी उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण २७ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर निघालेले गणित आहे.

आपल्याकडेही नमुना आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात नवे यंत्र नव्हते, महागडे औषध नव्हते. ठरलेली दोन-तीन औषधे, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या, जवळच्या केंद्रात मोजणी आणि न आलेल्या रुग्णाला फोन. या उपक्रमात सरकारी केंद्रांतून उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आल्याचे २०२२ मध्ये सांगण्यात आले. देशाचा आकडा १०० मध्ये १५ आहे, हे पुन्हा आठवा. (मोजणीची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे थेट तुलना करू नये. तरी दिशा स्पष्ट आहे.)

करमाळा तालुक्यात गावागावांत आशाताई आहेत, उपकेंद्रे आहेत, तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालय आहे. उणीव आहे ती सुटलेल्या रुग्णामागे जाण्याची. ज्याचा आकडा आटोक्यात आहे त्याला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला काय हरकत आहे? मजुरी बुडवून, वडाप करून तो दर महिन्याला रांगेत का उभा राहील? पोरे पुण्याला, घरात दोघेच म्हातारे, अशी घरे आता प्रत्येक गावात आहेत. त्यांची यादी आशाताईंना तोंडपाठ असते. त्या यादीचे पैसे आणि बीपीचे चालू यंत्र मात्र त्यांना मिळायला हवे. नुसते आणखी एक काम अंगावर टाकून हे होणार नाही.

आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बदलायला हवी. माझे आजोबा डॉक्टरांच्या ‘गोळ्या घेताय ना?’ला दर वेळी ‘व्हय’ म्हणायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेल्यावर ट्रंकेत कपड्यांखाली न फोडलेली तीन पाकिटे सापडली. ते खोटे बोलले, कारण प्रश्नच तसा होता. त्याला दुसरे उत्तर नव्हते. ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे विचारले की माणूस बोटे मोजू लागतो. हा प्रश्न डॉक्टरांइतकाच सुनेला आणि पुण्याहून फोन करणाऱ्या मुलालाही विचारता येतो.

गोळी चुकलीच तर?

राहिलेली गोळी आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून पुढची घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नये. रक्तदाब किंवा नाडी अचानक उसळू शकते. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, हात छातीच्या उंचीवर टेकवावा. घरी मोजलेला आकडा सतत १३५/८५ किंवा त्याहून वर येत असेल तर तारखा आणि आकडे कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

तोंड वाकडे झाले, एका हातातली ताकद गेली, बोलणे अडखळले तर बीपीची गोळी शोधत बसू नये, १०८ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. त्यामुळे गाडी कोणत्या रुग्णालयात न्यायची, हे फोनवरच विचारून घ्यावे.